हात लागला असेल

कुलूप काढून शर्मिला आत आली तेव्हा घरात कोणी नव्हतं आणि कॉम्प्युटर चालू होता. डब्यातला बारीक पंखा नुकताच घरघरायला लागलेला, पडद्यावर कुठल्याशा परदेशी तळ्याचं चित्र उजळलेलं. खिडकीखालच्या खाटेवर तिच्या आईची, आयेची, गोधडी चौपदरी घडी करून ठेवलेली होती. तिचा नवरा सुहास कारखान्यातून रजा टाकून आयेला डॉक्टरकडे घेऊन गेला होता. शर्मिलाला नाते गावच्या शाळेत चाचणीचे पेपर होते म्हणून तिला जाता आलं नाही, असं तिनं सगळ्यांना सांगितलं होतं; पेपर बदलून घेता आले असते. खांद्यावरची पिशवी खाली न ठेवता ती दारातच उभी राहिली. आये पुन्हा बसली वाटतं याच्यापुढे, हा विचार सवयीनं आला, आणि आल्यावर त्याला जायला जागाच उरली नाही. ती दोघं अकराला निघाली होती. आता दुपार कलली होती. हात न लावता ठेवला तर कॉम्प्युटर अर्ध्या तासात आपला आपण झोपतो. मग आत्ता, या बंद घरात, त्याला कुणी उठवलं?

तिनं पंखा लावला, पाणी प्यायली, पुन्हा येऊन उभी राहिली. घर वासाने भरलेलं होतं, आयेच्या केसांच्या खोबरेल तेलाचा आणि तिच्या कपड्यांना कायम चिकटलेल्या धुराचा वास. पोलादपूरच्या वर, डोंगराच्या माथ्यावरच्या वाडीतून आयेला खाली आणलं त्याला आता दोन महिने झाले होते, तरी तो धूर गेला नव्हता. वाडीमागच्या उतारावर भेग पडली होती. आषाढात तलाठी आणि पोलीस येऊन सगळ्यांना खाली शाळेत हलवून गेले. शर्मिला तिथूनच आयेला महाडला घेऊन आली होती, दुसऱ्या मजल्यावरच्या या घरात, जिथे पुराचंही पाणी येत नाही. आयेनं फार काही म्हटलं नाही. दोन्ही म्हशी पुतण्याच्या, मुरारीच्या, हवाली केल्या, आणि गौरी-गणपती झाले की वर जाईन एवढं बोलली. शर्मिला हो म्हणाली होती. हो म्हणतानाच तिच्या मनात पक्कं होतं की आयेला आता वर पाठवायचं नाही. ती भेग तिनं स्वतः पाहिली होती. आपल्या अंगठ्याएवढी रुंद, लांबलचक, गवतातून जाणारी, एखाद्या पायवाटेसारखी निरुपद्रवी. पावसात झोपताना ती डोळ्यांपुढे यायची आणि तिच्या खालची आईची खोली यायची.

कॉम्प्युटरचं सुरू झालं ते श्रावणात. शाळेतून घरी यावं तर तो चालू. पहिल्यांदा तिला वाटलं आपणच विसरलो. मग दुसऱ्या दिवशी, मग रोजच. सुहास पाळीवर, घरी फक्त आये. रविवारी सगळे घरात असले की काही होत नसे, आणि हा पुरावा तर तिला फारच ठाम वाटला होता. तिनं आधी हसत विचारलं. आये म्हणाली, नाय गो, मी कशाला हात लावू, मला काय कळतंय त्यातलं. पुन्हा विचारलं तेव्हाही तेच म्हणाली, पण या वेळी तिनं कॉम्प्युटरकडे एकदा पाहून घेतलं. तिसऱ्या वेळी शर्मिला हसली नव्हती. नववीच्या तोंडी परीक्षेचे गुण तिनं भरून ठेवले होते आणि ते उडाले होते. आयेला ताटावर बसवून तिनं आवाज चढवला होता. शाळेत ती आवाज चढवत नाही. मुलं तिला घाबरत नाहीत, बाई चांगल्या आहेत म्हणतात. आये घास हातात धरून ऐकत होती. त्या दिवसापासून ती दुपारची गॅलरीत बसायला लागली. ऊन असो, पावसाची झड असो, पत्र्याखाली भिंतीला पाठ लावून, कॉम्प्युटरपासून जेवढं लांब बसता येईल तेवढं. आणि तरीही तो चालूच होत राहिला. मग एका संध्याकाळी शर्मिलानं काही विचारायच्या आधीच आये म्हणाली, "हात लागला आसंल माझा. लक्षात नाय ऱ्हात आता."

त्या वाक्यानं आपल्याला सुटल्यासारखं वाटलं होतं, हे शर्मिलाला आत्ता, बंद घरात उभं राहून, स्पष्ट आठवलं. अगदी शरीरात आठवलं, खांदे खाली आले होते ते. आई खोटं बोलत नाही, आई विसरते. म्हणजे कुणाचाच दोष नाही. आणि विसरणाऱ्या बाईला डोंगरावर एकटं कोण ठेवील? त्यानंतर किती सोपं झालं होतं सगळं. भाजीत मीठ दोनदा पडलं, नळ चालू राहिला, आये तिसऱ्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांच्या दारापुढे जाऊन उभी राहिली. शर्मिला एकेक गोष्ट मनात टिपत गेली. जिनं जन्मभर झऱ्यावर पाणी भरलं तिच्याकडून नळ चालू राहील, सारखे दिसणारे जिने चुकतील, हे तिला सुचलं नव्हतं असं नाही. सुचलं होतं आणि तिनं ते बाजूला ठेवलं होतं. मोबाइलवर तिनं विसराळूपणाची लक्षणं वाचली. सुहासला वाचून दाखवली. दाखवताना आये गॅलरीत होती, दार उघडं होतं.

ती कॉम्प्युटरपुढे बसली. काय लिहून शोधावं ते आधी कळेना. मग तिनं साधंच लिहिलं, कॉम्प्युटर आपोआप चालू होतो. जगात कितीतरी लोकांचा होत होता. कुणी तरी सांगितलं होतं की काळी खिडकी उघडून एक ओळ टाका, मग तो शेवटचा कशानं जागा झाला ते सांगतो. तिनं ओळ टाकली. उत्तर लगेच आलं. बटणानं नाही, माउसनंही नाही. नेटवर्कमधून आलेल्या हाकेनं. आणि वेळ अगदी आत्ताची होती, ती खाली फाटकाशी भाजीवालीकडून माठाची जुडी घेत उभी होती तेव्हाची. तिनं पिशवीतून मोबाइल काढला. मे महिन्यात सुहासनं त्यावर काहीतरी घालून दिलं होतं. फोटोंनी मोबाइल भरून जायचा, म्हणून घरच्या वायफायमध्ये शिरला की फोटो आपोआप कॉम्प्युटरवर जातील अशी सोय. झोपलेला असला तरी उठवतो तो, असं सुहास कौतुकानं म्हणाला होता आणि तीही छान म्हणाली होती. मग सुट्टी संपेपर्यंत ती घरातच होती, जूनपासून श्रावण लागेपर्यंत कॉम्प्युटर दुरुस्तीला पडून होता, आणि मधल्या काळात आये आली. या सोयीचा विचार पुन्हा दोघांच्याही मनात आला नव्हता.

तिनं कॉम्प्युटर झोपवला, दाराला कुलूप लावलं, जिना उतरून औषधाच्या दुकानापर्यंत गेली, तिथे वायफायची खूण गेली. परत फिरली. फाटकाशी खूण आली. वर येऊन कुलूप काढलं. तळं उजळलेलं होतं. तिनं पुन्हा तसंच केलं. दुकानदारानं मान वर करून पाहिलं, बाई काही विसरलात का विचारलं. ती नाही म्हणाली. दुसऱ्यांदा दार उघडताना तिला वाटत होतं की या खेपेला नसू दे. होता. घरी येणारी ती, उठवणारी ती, आणि दार उघडून आईला जाब विचारणारीही तीच. गुणांचंही कोडं सुटलं. त्या दुपारी लाइट गेली होती. ते तिनं जतनच केले नव्हते. मोबाइलच्या सेटिंगमध्ये एक बारीक खूण होती, ती तिनं काढून टाकली. एवढंच. दीड महिन्याचा मामला एका बोटाच्या टेकण्यानं संपला, आणि आता सुहासला फोन करायचा राहिला. फोन हातातच होता. दवाखान्यात आये कदाचित अजून बाहेरच्या बाकावर बसली असेल, नंबर आला नसेल. शर्मिलानं सुहासचं नाव काढलं आणि त्याच्याकडे पाहत राहिली. ते आत असतील, मध्येच फोन कशाला, आल्यावर नीट सांगू. माठ निवडायला घेतला. देठ आणि पानं वेगळी करताना तिचे हात बरोबर चालत होते याचं तिला आश्चर्य वाटलं.

ते आले तेव्हा आये थकलेली होती आणि सुहास हलका झालेला. डॉक्टर चांगले आहेत म्हणाला, घाई केली नाही त्यांनी. वार विचारला तर आयेनं तिथी सांगितली, तीन शब्द लक्षात ठेवायला दिले ते तिनं बरोबर सांगितले. पण घरी कसं वागतात ते जास्त महत्त्वाचं, घरच्या माणसांना जे दिसतं ते आम्हाला पाच मिनिटांत दिसत नाही, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हा आयेनं स्वतःच सांगितलं, की मी लेकीच्या कॉम्प्युटरला हात लावते आणि मला आठवत नाही. गोळ्या दिल्यात, तीन महिन्यांनी पुन्हा दाखवायचं, तोवर वाडीवर एकटं ठेवू नका. म्हणजे वाडीचा प्रश्न मिटलाच, सुहास म्हणाला. आयेनं मान डोलावली. गोळ्यांची पुडी तिनं पदराच्या टोकाला बांधली होती, ती सोडून शर्मिलाच्या हातात दिली, तूच दे गो येळेवर, मला भरवसा नाय. शर्मिलानं ती घेतली. वाक्य तयार होतं, ओठांपर्यंत आलेलं होतं. पण वाडीचा प्रश्न मिटला होता. भेगेखालची खोली रिकामी राहणार होती. उद्या सांगू, असं तिनं ठरवलं, आणि दुसऱ्या दिवशीही तसंच ठरवलं.

मग जे झालं ते तिच्या कल्पनेत नव्हतं. कॉम्प्युटर चालू व्हायचा थांबला. खूण काढल्यावर तो थांबणारच होता, पण घरातल्या बाकी दोघांना खुणेचं काय ठाऊक? आठ-दहा दिवस गेल्यावर सुहास जेवताना म्हणाला, गोळ्या लागू पडल्या बघ. आये लाजल्यासारखी हसली. कितीतरी दिवसांनी हसली. गुण आला गो, म्हणाली, डाक्टरच्या हाताला गुण हाय. ती पुन्हा गॅलरीतून आत येऊन खाटेवर बसायला लागली. कॉम्प्युटरकडे ती आता एखाद्या तापट जनावराकडे बघावं तशी बघे, आणि संध्याकाळी शर्मिला आली की आधीच सांगे, आज बी बंदच हाय. शर्मिला बरं म्हणे. रोज रात्री तीच गोळी काढून आयेच्या तळहातावर ठेवी. तो तळहात दाव्यांनी घासून गुळगुळीत झालेला, मधोमध एक काळी रेघ कायमची. गोळी त्यावर फार लहान दिसायची. नात्याहून येताना रस्त्यात तिला शब्द सुचत, अगदी व्यवस्थित, जसे वर्गात सुचतात. फाटकापाशी वायफायची खूण यायची आणि शब्द जायचे. पूर्वी तिच्या येण्यानं कॉम्प्युटर जागा व्हायचा, आता कशालाच काही होत नव्हतं. कुणी पकडेल ही भीती नव्हती. पकडणार कोण? तेच असह्य होत चाललं होतं, की हे आपण आपलं आपण उघडलं नाही तर ते जन्मभर असंच राहील, आणि आये एक दिवस विसराळू म्हणून मरेल.

भाद्रपद संपता संपता मुरारी आला. काकड्या आणि वाडीवरचं तूप घेऊन आला. वर आता उघाड होती, माणसं परत गेली होती, भेग होती तशीच आहे म्हणाला. चहा झाल्यावर त्यानं म्हशींचा विषय काढला. आयेनंच त्याला निरोप धाडून बोलावलं होतं, हे शर्मिलाला तिथे कळलं. भुरी दुभती, तरणी; तिला घ्यायला खालच्या गावचा एक जण तयार होता. मोरी म्हातारी, तिला कोण घेणार, ती मुरारीनं ठेवून घ्यायची. मुरारी आढेवेढे घेत होता. काकी, भुरीला तू वासरापासून वाढवलीस, तुझ्याबिगर ती पान्हा सोडत नव्हती, महिनाभर मी तिच्या लाथा खाल्ल्यात, असं काहीबाही बोलत राहिला. आये शांतपणे म्हणाली, "मी आता इसरते, मुरारी. दावं सोडलं का बांधलं मला नाय आठवलं, तं ती दरीत जायची. जनावराचा जीव माझ्या इसरण्यापायी नको." मुरारीनं शर्मिलाकडे पाहिलं. ताई शिकलेली, ताई काय म्हणते, असं त्या पाहण्यात होतं. शर्मिलाच्या हातात कपबशांचं ताट होतं. ती ते घेऊन आत गेली. ओट्यापाशी उभी राहून तिनं नळ सोडला आणि पाण्याच्या आवाजात पुढचं ऐकू येणार नाही अशी सोय केली. एकेक कप तिनं दोनदा विसळला. बाहेर आली तेव्हा मंगळवार ठरला होता.

मंगळवारी तिसऱ्या तासाला ती फळ्यावर लिहीत होती आणि मध्येच थांबली. मुलं वाट पाहत राहिली. काय लिहीत होतो ते तिला आठवेना. फळ्यावरचं अर्धं वाक्य तिनं वाचून पाहिलं, तरी पुढचं आठवेना. मागून कुणी तरी हलकेच पुढचा शब्द सुचवला. तिनं खडू ठेवला आणि बाहेर येऊन मुरारीला फोन लावला. डोंगरावर रेंज नसते; कधी कधी वडाच्या खालच्या दगडावर उभं राहिलं तर मिळते. ती लावत राहिली, मधल्या सुट्टीत, शाळा सुटल्यावर, एसटीत. संध्याकाळी त्याचा निरोप आला. दिली. फार ओरडली. काकीला सांगू नको.

दुसऱ्या दिवशी तिनं रजा टाकली. सुहास पहिल्या पाळीला गेला होता. आये तांदूळ निवडत होती. शर्मिला तिच्यासमोर जमिनीवर बसली आणि सांगितलं, की तू कधीच हात लावला नव्हतास, माझा मोबाइल लांबून लावत होता. बोलणं सरळ आलं, विचार केला होता त्यापेक्षा फार थोडक्यात. आये सूपच हलवत राहिली. मग म्हणाली, "मला बरं वाटावं म्हून सांगतेस. ऱ्हाऊ दे गो." शर्मिला नाही म्हणाली, शपथ घेतली, आणि शपथ घेताना तिला कळलं की आयेनं आपलं ऐकायचं ते सगळं आधीच ऐकून संपवलंय. तेव्हा तिनं मोबाइलमधली खूण परत लावली, कॉम्प्युटर झोपवला, आयेला खुर्चीवर त्याच्यासमोर बसवलं. हात मांडीवर ठेव म्हणाली. ठेवायची गरज नव्हती, ते आधीच एकमेकांत घट्ट धरलेले होते. ती खाली गेली, औषधाच्या दुकानापर्यंत, आणि परत फिरली. वर आली तर आये तशीच बसलेली, चेहऱ्यावर तळ्याचा निळा उजेड पडलेला.

"आपसूक लागला," आये म्हणाली. तिनं घट्ट धरलेले हात सोडवले. मग म्हणाली, "मंग त्या गोळ्या कशाच्या?"

"ताकदीच्या असतील."

"मी इसरत नाय?"

"नाही."

आयेनं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. त्यात राग नव्हता, बाजारात माप तपासताना ती जशी पाहायची तसं पाहणं होतं. "तुला कवा कळलं?"

शर्मिला म्हणू शकली असती, काल. तेही खरं वाटलं असतं. "तू डॉक्टरकडे गेलीस त्या दिवशी," ती म्हणाली.

आये उठली. निवडलेले तांदूळ डब्यात भरले, सूप खिळ्याला अडकवलं, खाटेखालची पिशवी ओढून काढली आणि तीत लुगडी भरायला लागली. भुरीबद्दल तिनं विचारलं नाही. मुरारीनं सांगू नको म्हटलं होतं, तरी शर्मिलानं सांगितलं. ते ऐकताना आये लुगड्याची घडी घालत होती. घालून झालेली घडी तिनं मोडली आणि पुन्हा पहिल्यापासून घातली. भेगेचं शर्मिला काही बोलली नाही. बोलायचा हक्क आता उरला नाही असं तिला वाटलं, आणि भेग तर होतीच. आयेनंच शेवटी सांगितलं, की पुढच्या आषाढात खाली येईन, शाळेत, समद्यांबरोबर.

पोलादपूरला एसटी बदलून दुपारपर्यंत त्या दोघी डोंगराखाली उतरल्या. चढताना आये पुढे होती आणि एकदाही थांबली नाही. वाडीत बायांनी पाणी दिलं, बरी झालीस का विचारलं. म्हणजे इथवर पोचलं होतं सगळं. आये बरी हाय म्हणाली. शर्मिला मागे उभी होती. तिनं सांगायला हवं होतं की आये आजारी नव्हतीच, आणि तिनं ते सांगितलं, दोनदा, मोठ्यानं. बाया लेकीच्या मायेला हसल्यासारख्या हसल्या. मुरारी मोरीला घेऊन आला. भुरीच्या मोबदल्यात आलेले पैसे तो आयेच्या हातात द्यायला लागला तेव्हा आयेनं तुझ्यापाशीच ठेव अशी खूण केली. खालच्या गावी जाऊन भुरी परत मिळते का बघूया, शर्मिला म्हणाली. मुरारीनं नाही अशी मान हलवली. त्या माणसानं तिला त्याच रात्री घाटावर पाठवली होती. गोठ्यात दोन खुंट होते. आयेनं मोरीला तिच्या नेहमीच्या खुंटाला नेलं, तिच्या पाठीवरून हात फिरवला, शिंगामागं खाजवलं. मोरीनं मान लांब करून तिचा दंड हुंगला. शर्मिला गोठ्याच्या तोंडाशी होती, पण तिचं लक्ष घरामागच्या उताराकडे होतं. भेगेवर गवत वाढलं होतं, कुठून कुठवर आहे ते दिसत नव्हतं.

मग दोघी झऱ्याकडे निघाल्या. आयेच्या डोक्यावर हंडा, शर्मिलाच्या कमरेला कळशी. फणसाच्या झाडापर्यंत गेल्या असतील नसतील, आये थांबली. हंडा डोक्यावरून काढून वाटेवर टेकवला.

"दावं बांधलं ना गो मी?"

शर्मिलाच्या तोंडात हो आलं. किती सहज आलं. ते तिनं गिळलं. "मी पाहिलं नाही, आये."

आये वाटेत उभी राहिली. तिचे हात हवेत थोडे हलले, एक वेढा, दुसरा वेढा, मग अंगठ्यानं टोक आत दाबायचं. साठ वर्षं घातलेली गाठ हातांनी आपली आपण घातली. "बांधलंय," ती म्हणाली, आणि हंडा उचलून चार पावलं पुढे गेली. तिथे पुन्हा थांबली. शर्मिलानं तिच्या पाठीकडे पाहिलं. ती पाठ कशाचं तरी ऐकत असल्यासारखी होती. मग आये मागे वळली, शर्मिलाच्या अंगावरून, तिच्याकडे न पाहता, दावं बघायला गोठ्याकडे निघाली. शर्मिला कळशी घेऊन वाटेतच उभी राहिली. आत मोरी हंबरली. आयेला बाहेर यायला वेळ लागत होता.